प्लेगचे नियम आणि लोकमान्य

मार्च २०२० मध्ये कळमनुरीच्या बाजारातल्या चहाच्या टपऱ्या, खानावळी, हॉटेलं राज्यातल्या इतर गावांप्रमाणेच बंद झाली. पुढच्या दोन वर्षांत नियम येत आणि जात राहिले. हॉटेल किती वाजेपर्यंत उघडं ठेवायचं, आत किती जणांना बसवायचं, प्रवासाला चाचणीचा अहवाल लागेल की लसीचं प्रमाणपत्र चालेल, यावर रोज नवं काही ऐकू येई. १० जानेवारी २०२२ पासून तिसरी, म्हणजे खबरदारीची मात्रा सुरू झाली, तेव्हा तिच्यावरही वाद झाला. सत्तेत जो असेल त्याने नियम करायचे आणि विरोधात जो असेल त्याने त्यावर तुटून पडायचं, हे चित्र दिल्लीपासून गल्लीपर्यंत दिसलं.

यातले बरेचसे निर्बंध ज्या कायद्याच्या आधारावर लागले, तो साथरोग कायदा १८९७ सालचा आहे. तेव्हा कळमनुरी निजामाच्या राज्यात होतं आणि इंग्रजांचा हा कायदा तिथे चालत नव्हता. तो आला मुंबईच्या प्लेगमुळे, आणि त्याचा सर्वांत कडक अंमल पुण्याने पाहिला. त्या अंमलावर सर्वांत धारदार टीका करणारा माणूस महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. मात्र साथीच्या काळात त्याने नेमकं काय केलं, हे फारसं सांगितलं जात नाही. तो माणूस म्हणजे बाळ गंगाधर टिळक.

गणिताचा विद्यार्थी, शाळामास्तर, संपादक

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. वडील गंगाधरपंत शिक्षणखात्यात होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात टिळकांनी गणित घेऊन पदवी मिळवली आणि नंतर कायद्याचं शिक्षण घेतलं. वकिली किंवा सरकारी नोकरीचा सरळ रस्ता सोडून त्यांनी विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि आगरकर यांच्यासोबत शाळा काढण्याचा मार्ग धरला. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज असा तो क्रम होता. सहकाऱ्यांशी मतभेद झाल्यावर १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले आणि दोन्ही पत्रं पुढे त्यांच्याच हाती आली.

संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी १८९१ मध्ये विरोध केला. घरातल्या रूढींमध्ये परक्या सरकारने हात घालू नये, ही त्यांची भूमिका सुधारकांना पटली नाही आणि आजही अनेकांना पटत नाही. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव आणि त्यानंतर शिवाजी उत्सव यांमुळे त्यांचं नाव वाड्यांतून गल्लीत पोचलं. १८९५ मध्ये ते मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद झाले. १८९६ च्या दुष्काळात शेतकऱ्यांना दुष्काळसंहितेतले हक्क समजावून सांगण्याची मोहीम त्यांच्या माणसांनी गावोगाव चालवली. सरकारचा नियम वाचायचा, त्यात रयतेला काय मिळायचं आहे ते शोधायचं आणि मिळालं नाही तर सरकारलाच जाब विचारायचा, ही त्यांची पद्धत होती. प्लेगमध्येही त्यांनी सुरुवात याच पद्धतीने केली.

मांडवीतली गाठ

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात तापाने माणसं मरू लागली. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रुग्णांच्या जांघेतल्या आणि काखेतल्या गाठी पाहून हा प्लेग असल्याचं सांगितलं. प्लेगचा जिवाणू त्याआधी दोनच वर्षं, १८९४ मध्ये, हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधला होता. पण तो माणसापर्यंत कसा पोचतो, हे कोणालाच माहीत नव्हतं. घाण हवा, ओल, अंधारी घरं, रुग्णाचे कपडे, धान्याची पोती अशा सगळ्यांवर संशय होता.

आता उत्तर ठाऊक आहे. गाठीचा प्लेग मुळात उंदरांचा रोग आहे. आजारी उंदराच्या अंगावरची पिसू त्याचं रक्त पिते. उंदीर मेला की ती दुसरं शरीर शोधते आणि माणसाला चावते. चावलेल्या जागेजवळच्या लसिकाग्रंथी सुजून गाठ येते. जिवाणू फुप्फुसात पोचला तर मात्र खोकल्यातून तो माणसाकडून माणसाकडे जाऊ शकतो. आज वेळेत प्रतिजैविकं दिली तर बहुतेक रुग्ण वाचतात. १८९६ मध्ये असं एकही औषध नव्हतं आणि गाठ आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसं दगावत.

मुंबई भराभर रिकामी होऊ लागली. परदेशी बंदरांनी मुंबईहून येणाऱ्या जहाजांवर बंधनं आणली आणि व्यापार अडला. सरकारवर चहूबाजूंनी दबाव होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. कायदा अगदी छोटा, मोजक्या कलमांचा. सरकारला वाटेल तो नियम करता येईल, प्रवाशांची तपासणी करता येईल, संशयितांना वेगळं ठेवता येईल. नियम मोडणाऱ्याला शिक्षा होईल. आणि सद्‌हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही. नियम किती काळ चालावेत, त्यांच्याविरुद्ध तक्रार कुठे करावी, नुकसान कोणी भरून द्यावं, याबद्दल कायद्यात फारसं काही नव्हतं.

रँडसाहेबांचं पुणं

पुण्यात १८९६ च्या अखेरीस प्लेग पोचला होता. फेब्रुवारी १८९७ मध्ये सनदी अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड यांना प्लेग समितीचे अध्यक्ष म्हणून पुण्यात आणलं गेलं. १३ मार्चपासून घरोघर झडती सुरू झाली आणि ती १९ मेपर्यंत चालली. झडतीला गोऱ्या पलटणीचे शिपाई होते.

पद्धत अशी. पेठेला वेढा पडे आणि शिपाई वाड्यात शिरत. कुलूप असेल तर ते फोडलं जाई. ताप असलेल्या माणसाला इस्पितळात आणि त्याच्या घरच्यांना शहराबाहेरच्या छावणीत नेलं जाई. घरात औषधी पाणी शिंपडायचं, भिंतींना चुना लावायचा, जमीन उकरायची, संशयास्पद कपडे आणि सामान जाळायचं. प्रत्येक मृत्यूची नोंद सक्तीची झाली आणि अंत्यविधीवरही बंधनं आली. रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची गाठीसाठी तपासणी होई. प्रवासी पुरुषांना ती अपमानाची वाटे, आणि बायकांना परक्या पुरुषाने काखेत-जांघेत तपासणं तर कुठल्याच घराला सहन होणारं नव्हतं.

रँड यांच्या समितीने शिपायांना धर्मभावना जपण्याच्या आणि बायकांशी अदबीने वागण्याच्या लेखी सूचना दिल्या होत्या. लोकांच्या तक्रारी मात्र वेगळं सांगत होत्या. देवघरात बूट घालून शिरणं, मूर्ती हलवणं, वस्तू गायब होणं, साध्या तापाच्या माणसालाही उचलून नेणं, असं बरंच काही ‘केसरी’कडे येत होतं. परिणामी लोक रुग्ण लपवू लागले. झडतीची चाहूल लागली की आजारी माणसाला माळ्यावर किंवा शेजारच्या घरात हलवलं जाई. नियम रुग्ण शोधण्यासाठी होते आणि त्यांच्याच भीतीने रुग्ण सापडेनासे झाले.

शहरात थांबलेला टीकाकार

साथ पसरली तेव्हा पुण्यातली बरीच पैसेवाली आणि मानाची मंडळी गाव सोडून गेली. टिळक गेले नाहीत. विंचूरकर वाड्यातल्या आपल्या घरातून आणि कचेरीतून त्यांनी काम चालू ठेवलं.

सुरुवातीला त्यांचा कायद्याला विरोध नव्हता. रुग्णाला वेगळं ठेवलं पाहिजे, घरं स्वच्छ केली पाहिजेत आणि रोग लपवू नये, हे ‘केसरी’तून त्यांनी लोकांना बजावून सांगितलं. शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांनाही त्यांनी बोल लावला. लोकांच्या मदतीची गरज होती त्याच वेळी ही माणसं निघून गेली, हे त्यांना रुचलं नाही.

टीका करताना त्यांनी कामही उभं केलं. सरकारी इस्पितळात लोक जायला घाबरत होते. तिथे जातधर्म बुडेल, नातेवाइकांना भेटू देणार नाहीत, गेलेला माणूस परत येणार नाही, अशा समजुती होत्या. टिळकांनी वर्गणी गोळा करून हिंदूंसाठी वेगळं प्लेग इस्पितळ उघडण्यात पुढाकार घेतला. आपल्याच माणसांनी चालवलेल्या जागेत रुग्ण तुलनेने बिनधास्त येत. टिळक तिथे जाऊन स्वतः पाहणी करत. छावणीत ठेवलेल्यांसाठी अन्नाची सोय त्यांनी लावली आणि झडतीच्या वेळी स्वयंसेवकांसोबत ते स्वतःही फिरले. प्लेगच्या रुग्णाजवळ जाण्याचा धोका तेव्हा सर्वांनाच ठाऊक होता. त्याच दिवसांत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत प्लेगच्या रुग्णांची सेवा करत होते. रुग्णसेवा करतानाच लागण होऊन सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी गेल्या.

दिवस जात तशी टिळकांच्या लेखणीची धार वाढली. त्यांचा मुद्दा साधा होता. रोग थांबवायचाच आहे, पण त्यासाठी गोरे शिपाई कशाला? शहरातली माणसं, वैद्य, डॉक्टर आणि स्वयंसेवक यांच्या हाती झडती का देत नाही? लोकांनी लेखी तक्रार केली तर ती ऐकणारा कोणी का नाही? मे महिन्यापर्यंत ही टीका समितीच्या कारभारावर आणि खुद्द रँड यांच्यावर थेट येऊन ठेपली होती.

या टीकेला दुसरीही बाजू होती. कुठली तक्रार खरी, कुठली ऐकीव आणि कुठली फुगवलेली, हे प्रत्येक वेळी तपासलं गेलं नव्हतं. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी शिपायांनी बायकांवर अत्याचार केल्याचा आरोप तिथे जाहीरपणे केला. परत आल्यावर पुरावा देता येईना, तेव्हा त्यांना सरकारची माफी मागावी लागली. माहिती देणाऱ्यांची नावं उघड करणं त्यांना शक्य नव्हतं. त्या माफीचा डाग त्यांना बरीच वर्षं वागवावा लागला. सरकारकडे तक्रारींची निःपक्ष चौकशी नव्हती आणि टीकाकारांकडे पक्का पुरावा नव्हता. मधल्या पोकळीत अफवा वाढल्या.

गणेशखिंड आणि तुरुंग

२२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच ठार झाले आणि रँड ३ जुलैला वारले. हे काम चापेकर बंधूंचं होतं. पुढे दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव या तिन्ही भावांना फाशी झाली.

संशयाची सुई ‘केसरी’कडे वळली. कटात टिळकांचा हात असल्याचं सिद्ध झालं नाही. त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला तो १५ जूनच्या अंकातल्या शिवाजी उत्सवासंबंधीच्या मजकुरावरून. म्हणजे प्लेगच्या नियमांवरच्या लेखांवर तो उभा नव्हता. पण प्लेगमधून तापलेलं वातावरण आणि झालेले खून यांच्यापासून तो खटला वेगळा करताच येत नाही. २७ जुलैला त्यांना अटक झाली. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे खटला चालला. नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपीय सभासदांनी त्यांना दोषी आणि तीन हिंदी सभासदांनी निर्दोष ठरवलं. १४ सप्टेंबर १८९७ रोजी अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. तुरुंगातल्या अन्नाने टिळकांची तब्येत ढासळली. मॅक्सम्युल्लर यांच्यासारख्या पंडितांनी त्यांच्या सुटकेसाठी विनंती केली आणि ६ सप्टेंबर १८९८ रोजी ते मुदतीआधी सुटले.

आत टिळक, बाहेर प्लेग

टिळक तुरुंगात असताना पुण्यात प्लेग परतला आणि दुसरी साथ पहिलीपेक्षा मोठी ठरली. मे १८९७ मध्ये रोग ओसरला त्याचं श्रेय समितीने झडत्यांना घेतलं होतं. कडक उन्हाळ्यात पिसवांची वाढ मंदावते आणि प्लेगही उतरतो, हे कळायला अजून वेळ होता.

मार्च १८९८ मध्ये मुंबईत एका विणकर कुटुंबातल्या आजारी मुलीला तपासायला पथक गेलं आणि त्यावरून दंगल उसळली. त्यानंतर सरकारची भाषा मवाळ होत गेली. शिपायांच्या झडत्या मागे पडल्या. जातींच्या आणि धर्मांच्या स्वतंत्र इस्पितळांना मोकळीक मिळाली, स्थानिक पुढाऱ्यांना सोबत घेतलं जाऊ लागलं. टिळकांनी १८९७ च्या वसंतात मागितलेल्या गोष्टी बऱ्याच अंशी याच होत्या.

त्याच वर्षी पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत एक प्रयोग केला. पिंजऱ्यातल्या आजारी उंदराकडून निरोगी उंदराकडे प्लेग पिसवेमार्फतच जातो, असं त्याला दिसलं. बहुतेक शास्त्रज्ञांनी ते मानलं नाही. मुंबईत १९०५ नंतर झालेल्या प्लेग संशोधनाने ते पक्कं केलं. त्या उजेडात मागे पाहिलं तर झडत्यांचा बराचसा खटाटोप चुकीच्या ठिकाणी झाला होता. माणसाला पकडून नेलं तरी उंदीर घरातच राहत होता. खेड्यापाड्यांतले लोक घरात उंदीर पडू लागले की गाव सोडून शेतात, माळावर झोपड्या बांधून राहत. हा उपाय पुस्तकी नव्हता, पण पिसवांपासून दूर नेणारा होता. पुढे आरोग्य खात्यानेही गाव रिकामं करण्यावर भर दिला.

लस आणि पुन्हा लस

साथीतला सर्वांत टिकाऊ उपाय मुंबईतच तयार झाला. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात मृत जिवाणूंची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. सव्वाशे वर्षांनी, नेमक्या त्याच तारखेला देशात कोविडची खबरदारीची मात्रा सुरू झाली, हा निव्वळ योगायोग.

हाफकिनच्या लसीने धोका बराच कमी होई, पण संरक्षण काही महिनेच टिके. प्लेगच्या नव्या हंगामाआधी पुन्हा टोचून घ्यावी लागे. हुबळीत १८९८ मध्ये हजारो लोकांना लस दिली गेली, अनेकांना दोनदा. टोचणीचं प्रमाणपत्र असेल तर छावणीत जाण्यापासून सूट मिळे. पहिल्या टोचणीनंतर पुन्हा का, हा प्रश्न तेव्हाही लोकांना पडला होता. लसीत कोणतं मांस आहे यावर कुजबुज होती, तापाची भीती होती. सरकारने ही लस सर्वांवर सक्तीची केली नाही, आणि झडत्यांनंतर ते शहाणपणाचंच होतं. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस घेतलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. ठपका हाफकिन यांच्यावर आला. चूक त्यांच्या प्रयोगशाळेची नव्हती, हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडलं. तोपर्यंत लोकांचा विश्वास आणि एका शास्त्रज्ञाची उमेदीची वर्षं, दोन्ही गेली होती. परळची त्यांची प्रयोगशाळा आज हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते.

घरात आलेला प्लेग

टिळकांसाठी प्लेग हा केवळ अग्रलेखाचा विषय राहिला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत, ताईमहाराज प्रकरणाच्या कोर्टकचेऱ्या चालू असताना, त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने गेला. हा घाव त्यांनी बाहेर फारसा दिसू दिला नाही आणि काम चालू ठेवलं.

पुढचं आयुष्य सर्वांना माहीत आहे. स्वदेशी आणि बहिष्काराची चळवळ, १९०८ चा दुसरा राजद्रोह खटला, मंडालेची सहा वर्षं, ‘गीतारहस्य’, १९१६ मध्ये होमरूल लीग. १९१८ च्या शरद ऋतूत ते लंडनला पोचले, तेव्हा इन्फ्लूएन्झाची जागतिक साथ ऐन भरात होती. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं मेली असा अंदाज आहे. १८९७ मध्ये पेठेपेठेत शिपाई घालणारं सरकार या वेळी जवळपास हात टेकून होतं, आणि रुग्णांना औषध-अन्न पोचवण्याचं पुष्कळसं काम स्वयंसेवी मंडळींनीच केलं. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात टिळकांचं निधन झालं.

साथरोग कायदा मात्र त्यांच्यानंतर शंभर वर्षं जगला आणि कोविडमध्ये पुन्हा कामाला आला. २०२० च्या दुरुस्तीत डॉक्टर आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षेची तरतूद झाली. नियम लोकांना कसे समजावावेत, त्यांची मुदत किती असावी, तक्रार कोणी ऐकावी, याची तरतूद त्यात आजही फारशी नाही. १८९७ मध्ये वर्गणीतून प्लेगचं इस्पितळ उघडणाऱ्या संपादकाने जे विचारलं होतं, त्यातले निम्मे प्रश्न तसेच शिल्लक आहेत. पुढची साथ येण्याआधी त्यांची उत्तरं लिहून ठेवता येतील.